नवे कोई मासे तळ्यात सोडण्यापूर्वी

प्रश्न : निफाड तालुक्यातील आमच्या घराच्या अंगणात सुमारे बारा हजार लिटरचे सिमेंटचे तळे आहे आणि त्यात आठ मोठे कोई मासे (शोभेचे रंगीत कार्प) चार वर्षांपासून सुखरूप आहेत. येत्या मे महिन्यात कोलकात्याहून आणखी पाच मासे मागवण्याचा विचार आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की, मासे त्याच्याकडे आधीच वेगळे ठेवलेले असतात आणि घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून ते थेट तळ्यात सोडले तरी चालतात. आमच्या तळ्यापासून जवळच शेततळे असून त्यात रोहू आणि सायप्रिनस (खाण्याचा कार्प) वाढवतो. नव्या माशांना खरोखरच वेगळे ठेवावे लागते का, किती दिवस, आणि त्या काळात कोणती औषधे द्यावीत?
— एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : वेगळे ठेवावेच लागते, आणि आपल्या बाबतीत तर शेततळ्यामुळे ते अधिकच आवश्यक आहे. आपण दिवस विचारले आहेत आणि औषधे विचारली आहेत. परंतु विलगीकरणाचे यश या दोहोंपेक्षा पाण्याच्या तापमानावर आणि आपल्या निरीक्षणावर अधिक अवलंबून असते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कोई माशांना होणाऱ्या रोगांमध्ये सर्वांत घातक रोग कोई हर्पिस विषाणूचा आहे. १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या मरतुकीनंतर तो ओळखला गेला. त्याची लागण झालेल्या तळ्यात ८० ते १०० टक्के मासे मरू शकतात, त्यावर औषध नाही, आणि जे मासे वाचतात ते वरकरणी निरोगी दिसत असतानाही विषाणू शरीरात बाळगून राहू शकतात. या विषाणूचा एक गुणधर्म आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे : तो साधारणपणे १६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यातच रोग निर्माण करतो. पाणी ३० अंशांच्या वर गेले किंवा १३ अंशांच्या आसपास उतरले, तर लागण झालेला मासाही लक्षणे न दाखवता पोहत राहतो. आता आपण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हजार लिटरच्या टाकीत मासे ठेवले, पाणी ३१-३२ अंशांवर राहिले आणि महिनाभर एकही मासा आजारी पडला नाही, तर त्या महिन्याने आपल्याला काहीही सांगितलेले नसते. पावसाळा सुरू होऊन तळ्याचे पाणी २५ अंशांवर आले की तोच मासा आपल्या आठही जुन्या माशांना लागण देऊ शकतो, आणि तोपर्यंत आपण त्या नव्या माशांविषयी पूर्णपणे निश्चिंत झालेले असता.

म्हणून दिवस मोजायचे ते पाणी २२ ते २५ अंशांदरम्यान राहिले त्याच दिवसांचे. असे किमान चार आठवडे, आणि मासे एकापेक्षा अधिक ठिकाणांहून आलेले किंवा परदेशातून आयात केलेले असतील तर सहा आठवडे, असे माझे मत आहे. नाशिकच्या हवामानाचा विचार करता खरेदी मे महिन्यात न करता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत करावी, कारण त्या काळात हे तापमान फारसे प्रयत्न न करता मिळते. डिसेंबर-जानेवारीत छोट्या टाकीचे पाणी पहाटे बरेच थंड होते आणि तेव्हा मत्स्यालयाचा हीटर लावावा लागतो. मे महिन्यातच मासे येणार असतील तर टाकी तळमजल्यावरील थंड, हवेशीर खोलीत ठेवावी, तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि तापमापक पाण्यातच ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. माझा आग्रह मात्र खरेदी पुढे ढकलण्याचाच राहील.

तापमानाचा संबंध परजीवींशीही आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणाऱ्या सूक्ष्मजीवाचे जीवनचक्र २५ अंशांना साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होते, तर १५ अंशांना त्याला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक लागतात. कल्ल्यांवरील चपटे कृमी अंडी घालतात आणि त्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्याचा काळही थंड पाण्यात असाच लांबतो. थंड पाण्यातील दोन आठवड्यांच्या विलगीकरणात या जिवांची एक पिढीदेखील पूर्ण होत नाही, आणि जी गोष्ट अजून घडलेलीच नाही ती पाहणाऱ्याला दिसणार कशी?

विक्रेत्याने मासे वेगळे ठेवले होते हे खरेही असेल. त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तथापि त्याच्याकडे दर आठवड्याला नवा माल येतो, एकाच जाळ्याने अनेक टाक्यांतील मासे काढले जातात, आणि आपल्या पाच माशांचा प्रवास सुरू होण्यापूर्वीचे शेवटचे दोन दिवस ते कोणत्या पाण्यात होते हे त्यालाही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून विलगीकरण ज्याच्या तळ्यात मासे जायचे आहेत त्यानेच करायचे असते. मिठाच्या पाण्यातील दहा मिनिटांचे स्नान अंगावरील काही परजीवी गळून पडण्यास उपयोगी आहे. कल्ल्यांत खोल रुतलेले कृमी, त्यांची अंडी आणि विषाणू यांच्यावर त्याचा भरवसा ठेवता येत नाही.

टाकीविषयी. २० ते २५ सेंटिमीटरच्या पाच माशांसाठी हजार लिटरपेक्षा लहान टाकी घेऊ नये. दीड हजार लिटरची ताडपत्रीची घडीची टाकी स्वस्तात मिळते आणि तिचा तळ स्वच्छ करणेही सोपे असते. वर जाळी घट्ट बांधावी, कारण नव्या जागी पहिले काही दिवस कोई उड्या मारतात आणि सकाळी जमिनीवर मेलेला मासा सापडणे हा पुष्कळांचा अनुभव आहे. हवेचा पंप चोवीस तास चालू हवा आणि वीज जाण्याचा प्रश्न असेल तर बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हाताशी असावा. २० अंशांच्या पाण्यात जेथे लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो तेथे ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास राहतो, आणि कोई माशांना ६ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायूत ताण येऊ लागतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट फिल्टरची आहे, आणि विलगीकरणात मासे मरण्याचे सर्वांत सामान्य कारण रोग नसून कोरा फिल्टर हे आहे. माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू नव्या स्पंजवर वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मासे येण्याच्या दीड महिना आधीच विलगीकरणाच्या टाकीचा स्पंज आपल्या जुन्या तळ्याच्या फिल्टरमध्ये ठेवून द्यावा आणि मासे येण्याच्या दिवशी तो काढून टाकीत लावावा. तळ्यातून टाकीकडे असा प्रवास चालतो. टाकीतून तळ्याकडे तो स्पंज पुन्हा कधीही नेऊ नये. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात, त्यांनी पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर एक दिवसाआड तपासणी करावी, आणि दोहोंपैकी काहीही दिसू लागले की त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदलून खाणे थांबवावे. पाणी नळाचे असेल तर त्यातील क्लोरीन काढण्यासाठी सोडिअम थायोसल्फेट वापरावे. हजार लिटरला दहा ग्रॅम सर्वसाधारणपणे पुरते. टँकरचे पाणी मात्र शक्यतो टाळावे. उन्हाळ्यात टँकर पाणी कोठून भरून आणतो हे माहीत नसते, आणि ते एखाद्या तलावाचे असेल तर माशांच्या उवा त्याच पाण्यातून येऊ शकतात.

मासे आले की पिशवी न उघडता वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. त्यानंतर मात्र हळूहळू पाणी मिसळत बसू नये. लांबच्या प्रवासात पिशवीतील पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून त्याचा सामू (पीएच) उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा पिशवी उघडल्याबरोबर मासा ओल्या हातांनी आधार देऊन किंवा मऊ जाळ्याने टाकीत घ्यावा आणि पिशवीतील पाणी टाकीत न ओतता बाहेर टाकावे. पहिला संपूर्ण दिवस खाणे देऊ नये.

आता औषधांविषयी. अनेक हौशी लोक पहिल्याच दिवशी टाकीत मीठ, परमँगनेट, कृमिनाशक आणि एखादे प्रतिजैविक असे सगळे घालतात. असे करणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. मासा प्रवासाने थकलेला असतो, औषधांनी त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो, फिल्टरमधील जिवाणूही मरतात, आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे अर्धवट दडपलेला रोग विलगीकरणाच्या काळात दिसत नाही व तळ्यात गेल्यावर वर येतो. सुरुवातीला हजार लिटरला एक किलो आयोडीनविरहित जाडे मीठ पुरेसे आहे. ते नायट्राइट माशाच्या रक्तात शिरण्यास अडथळा करते आणि परजीवी लपवण्याइतके तीव्रही नसते. पुढचे पहिले दहा दिवस फक्त पाहावे. मासा टाकीच्या कडेला अंग घासतो का, पर मिटून एका कोपऱ्यात उभा राहतो का, पाण्याच्या धारेखाली तोंड काढून धापा टाकतो का, दोन्ही कल्ले सारखे हलतात की एकच; अंगावर दुधाळ थर, लाल शिरा किंवा मोहरीच्या दाण्याएवढी उचललेली खवले आहेत का. उवा तर डोळ्यांनी दिसतात : पाच ते दहा मिलिमीटरची हिरवट-तपकिरी चपटी चकती अंगावर सरकताना दिसली की ती उवच. नांगरकृमी दोऱ्यासारखा बाहेर लोंबतो. या दोहोंची अंडी किंवा पिल्ले पुढे पुष्कळ दिवस टाकीत राहू शकतात, म्हणून ते दिसल्यास विलगीकरणाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवींसाठी साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा, असे मी प्रत्येक कोई पाळणाऱ्याला सुचवीन. शंभर ते चारशे पट मोठे दाखवणारा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा सूक्ष्मदर्शक एका चांगल्या माशाच्या किमतीत येतो. माशाच्या अंगावरून काचपट्टीच्या कडेने अलगद थोडा बुळबुळीत थर घेऊन, टाकीच्याच पाण्याचा एक थेंब घालून तो लगेच पाहावा. बशीसारखा गरगर फिरणारा जीव दिसला तर ती ट्रायकोडिना. अंगभर हलणारी केसाळ गोल पेशी आणि तिच्यात घोड्याच्या नालासारखे केंद्रक दिसले तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. आणि आकड्यांनी चिकटून लांब-आखूड होणारा जीव दिसला तर तो चपटा कृमी. असा कृमी सापडला तरच प्राझिक्वांटेल द्यावे, हजार लिटरला दोन ते तीन ग्रॅम शुद्ध औषध या प्रमाणात. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून उबदार पाण्यात आठवड्याभराने दुसरी मात्रा लागतेच. कुत्र्यांच्या जंतांसाठी मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत इतर औषधेही असतात, त्या माशांना देऊ नयेत. ट्रायकोडिनासारख्या जिवांना हजार लिटरला तीन ते पाच किलो मीठ टप्प्याटप्प्याने दोन दिवसांत वाढवत नेल्यास बहुधा पुरते. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या किंवा मत्स्यरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घालूच नयेत.

चार आठवडे निर्वेध गेले की आपल्या जुन्या तळ्यातील एक मासा विलगीकरणाच्या टाकीत आणून नव्या माशांसोबत दोन आठवडे ठेवावा, तेव्हाही पाणी २२ ते २५ अंशांवर असावे. हे करताना मनाला त्रास होतो, कारण तो मासा आपणच धोक्यात घालत असतो. तरीही आठही मासे एकदम धोक्यात घालण्यापेक्षा हा मार्ग अधिक जबाबदार आहे असे मला वाटते. विषाणू दडवून बसलेला नवा मासा आजारी दिसत नाही, त्याची प्रयोगशाळेतील तपासणीदेखील सुप्त अवस्थेत नकारार्थी येऊ शकते, पण त्याच्यासोबत ठेवलेला कोरा मासा आजारी पडून ते उघड करतो. तसेच, आपल्या तळ्यातील ज्या जिवाणूंची जुन्या माशांना सवय झालेली आहे ते नव्या माशांना बाधतात का, हेही याच दोन आठवड्यांत कळते.

शेततळ्याविषयी शेवटी लिहीत असलो तरी ती बाब दुय्यम नाही. सायप्रिनस हा कोईचाच सगा आहे आणि हर्पिस विषाणू दोघांनाही सारखाच मारतो. २००२ मध्ये इंडोनेशियातील पूर्व जावाच्या ब्लितार भागात आयात केलेल्या कोई माशांपाठोपाठ हा रोग उद्भवला आणि पुढच्याच वर्षापर्यंत तो पश्चिम जावातील खाण्याच्या कार्पच्या तरंगत्या पिंजऱ्यांपर्यंत पोहोचून शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. जपानमध्ये ऑक्टोबर २००३ मध्ये कासुमिगौरा सरोवरात पिंजऱ्यांत वाढवलेले हजार टनांहून अधिक कार्प मेले. म्हणून विलगीकरणाच्या टाकीचे पाणी शेततळ्यात, नाल्यात किंवा पाटात कधीही सोडू नये. ते झाडांच्या आळ्यांत किंवा शोषखड्ड्यात जिरवावे, आणि त्यात मीठ असेल तर द्राक्षाच्या वेलींपासून लांब. टाकी तळ्यापासून आणि शेततळ्यापासून इतकी दूर असावी की शिंतोडे उडणार नाहीत. जाळे, बादली, नळी हे सर्व टाकीसाठी वेगळे घ्यावे, त्यांवर लाल रंगाची खूण करावी, आणि रोजचे काम आधी शेततळे, मग तळे आणि सर्वांत शेवटी टाकी या क्रमाने करून हात साबणाने धुवावेत. घरातील सर्वांना आणि शेतावरील मदतनिसांना हा क्रम समजावून सांगावा. जाळे घाईत कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात सदनिकेत राहते. गच्चीवर आठशे लिटरच्या कुंडात चार लहान कोई आहेत आणि वेगळ्या टाकीसाठी फक्त दोनशे लिटरची काचेची टाकी ठेवण्याइतकी जागा आहे. तेवढ्यात विलगीकरण होऊ शकते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होऊ शकते, मात्र एका वेळी दहा-बारा सेंटिमीटरचे दोनच मासे आणावेत. लहान टाकीत अमोनिया झपाट्याने वाढतो, म्हणून खाणे अगदी थोडे द्यावे आणि रोज पाव हिस्सा पाणी बदलण्याची तयारी ठेवावी. घरातील काचेच्या टाकीचा एक मोठा लाभ असा की मासा बाजूने पाहता येतो. गच्चीवरील कुंडात फक्त पाठ दिसते आणि पोटावरील जखमा लपून राहतात. हीटरने २४ अंश राखणेही तेथे सोपे जाते. आपल्या आठशे लिटरच्या कुंडात चार कोई हीच मर्यादा ओलांडलेली आहे, हेही नमूद करतो. कोई ६० सेंटिमीटर आणि त्याहून अधिक वाढतो. नवे मासे आणण्याऐवजी याच चौघांसाठी मोठी जागा शोधावी, असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : नवीन कोई मासे गेल्या महिन्यात तळ्यात सोडले. ते ठणठणीत आहेत, पण जुने मासे एकेक करून मरत आहेत. रोग नव्यांनी आणला असेल तर तेच कसे जगले?
— एक वाचक, वसई

उत्तर : नवे मासे त्या रोगातून आधीच बरे होऊन आलेले असले तर असेच घडते. त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, आणि जुन्या माशांना तो सूक्ष्मजीव प्रथमच भेटतो. हर्पिस विषाणू असल्यास कल्ल्यांवर पांढरे, कुजल्यासारखे डाग, आत गेलेले डोळे आणि खरखरीत झालेली त्वचा दिसते, आणि लक्षणे सुरू झाल्यावर मासा एक-दोन दिवसांत मरतो. मासे तळाशी आडवे पडून झोपल्यासारखे राहत असतील तर कार्प एडिमा या दुसऱ्या विषाणूची शक्यता तपासावी. तो भारतातील कोई माशांतही आढळलेला आहे, आणि त्यात हजार लिटरला पाच किलो मीठ घालून भरपूर हवा दिल्यास अनेक मासे वाचतात. दोन्ही शक्यता समोर असताना अंदाजाने औषधे बदलत बसणे माशांवर अन्याय करणारे आहे. नुकताच मेलेला, किंवा मरणाच्या दारातील मासा स्वच्छ पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, गोठवू नये, आणि काही तासांतच तपासणीसाठी पोहोचवावा. कल्ले फार लवकर कुजतात आणि दुसऱ्या दिवशीच्या माशातून काहीही कळत नाही. आपल्याला जवळ म्हणजे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तेथे माशांच्या रोगांवर काम होते. नेण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारून घ्यावे. तोपर्यंत तळ्यातील एकही मासा, वनस्पती किंवा बादलीभर पाणी कोणालाही देऊ नये, आणि ज्यांच्याकडून मासे घेतले त्यांना हे कळवावे, म्हणजे त्याच खेपेतील मासे घेतलेल्या इतरांना वेळीच सावध करता येईल.

प्रश्न : तळ्यात फक्त कमळाचे कंद आणि दोन-चार गोल्डफिश सोडायचे आहेत. त्यांच्यासाठीही इतका खटाटोप हवा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गोल्डफिशसाठी तितकाच हवा. गोल्डफिश स्वतः आजारी न पडता कोईचा हर्पिस विषाणू वाहून आणू शकतो, शिवाय उवा आणि चपटे कृमीही त्याच्यावर असतात. कमळाच्या कंदांची माती पूर्ण धुऊन, कुजलेले भाग व गोगलगायींच्या अंड्यांचे पुंजके काढून, ते मासे नसलेल्या पाण्यात चार आठवडे ठेवावेत आणि पाणी दर आठवड्याला बदलावे. मासा न मिळाल्याने बहुतेक परजीवी त्या काळात मरतात. उवांची अंडी मात्र टणक पृष्ठभागांवर चिकटलेली असतात आणि थंडीत ती चार आठवड्यांहून अधिक टिकतात, म्हणून कंद हिवाळ्यात आणले असतील तर हा काळ दोन महिन्यांपर्यंत वाढवावा.